ठराव झाला, फेरफार कधी?

तलाठी_भाऊसाहेब (धागाकर्ता)

सलाम मंडळी.

गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एका तरुण पाळकांचं भाषण झालं. विषय होता 'डॉक्ट्रिन ऑफ डिस्कव्हरी'. त्यांनी त्याला मराठीत 'शोधाचा सिद्धांत' म्हटलं. चहाची वेळ झाल्यामुळे अर्धी मंडळी चुळबुळत होती, मी मात्र वही काढून बसलो. एकतीस वर्षं हवेली आणि मुळशी तालुक्यात तलाठी म्हणून काढली. जमिनीचा विषय निघाला की अजूनही कान टवकारतात.

पाळकसाहेब म्हणाले ते असं. १४५२ आणि १४५५ साली पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला फर्मानं दिली. त्यांना 'बुल' म्हणतात. ख्रिस्ती नसलेल्यांचा मुलूख जिंका, मालमत्ता घ्या, माणसं कायमची गुलाम करा, अशी मोकळीक त्यांत होती. १४९३ साली सहावे अलेक्झांडर यांनी स्पेनला नवे मुलूख देऊन टाकले आणि अटलांटिक समुद्रात एक रेघ मारली. पुढच्याच वर्षी दोन्ही राजांनी तोर्देसिल्यासला तह करून ती रेघ आणखी पश्चिमेला सरकवली. ज्यांच्या जमिनीवरून ती गेली त्यांना नोटीस नाही, पंचनामा नाही. आमच्याकडे साधी हद्दकायम मोजणी असली तरी लगतच्या खातेदारांना बोलवावं लागतं!

मला खरा धक्का बसला तो पुढच्या भागात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८२३ साली 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' या खटल्यात हेच तत्त्व कायद्यात आणून बसवलं. एकाने जमीन थेट मूळ रहिवाशांकडून घेतलेली, दुसऱ्याने तीच सरकारकडून. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवलं की मालकी शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेची आणि तिच्या वारसाची. मूळ रहिवाशांना फक्त वहिवाटीचा हक्क, आणि विकायचं झालं तर तेही सरकारलाच. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर एका निकालात अख्खा खंड भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) करून टाकला. ज्यांची जमीन, ते त्या खटल्यात पक्षकारही नव्हते.

आता चर्चेस हे नाकारू लागली आहेत. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २००९ साली ठराव केला, जागतिक चर्च परिषदेच्या कार्यकारी समितीने २०१२ साली, आणि ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने निवेदन काढलं की हा सिद्धांत कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाही.

सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. माझ्या डोक्यात मात्र नोकरीतला किडा वळवळायला लागला. चर्चने केलं ते हक्कसोडपत्र. पण हक्कसोडपत्र नुसतं लिहून भागत नाही. नोंदवावं लागतं, फेरफार धरावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा लागतो. तेव्हा कुठे सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. या सगळ्या ठरावांनी कुठल्या सातबाऱ्यावर काही बदललं का? जाणकारांनी सांगावं.

कॅम्पातली_मेरी

वाचनखूण साठवली आहे. वर्ग २ ची उपमा भारी. घरी नवऱ्याला वाचून दाखवली, तो म्हणाला आपल्या सोसायटीचंही तेच झालंय.

दप्तरखाना

भाऊसाहेब, उत्तम धागा. थोडी भर, कारण या अमेरिकन खटल्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो.

१७५७ साली ईस्ट इंडिया कंपनीने विचारलं होतं की हिंदुस्थानातल्या राजांकडून मिळालेल्या जमिनीला इंग्लंडच्या राजाची सनद लागते का. प्रॅट आणि यॉर्क या दोन सरकारी कायदेपंडितांनी मत दिलं की मोगल किंवा इथल्या राजांनी करार करून दिलेली असेल तर लागत नाही. हा कागद पुढे अमेरिकेत पोचला. तिथल्या जमीन दलालांनी त्यातला मोगलांचा उल्लेख गाळला आणि 'इंडियन' म्हणजे आमचे, अमेरिकेतले इंडियन असं भासवून सौदे केले. जॉन्सन खटल्यातले मूळ सौदे १७७३ आणि १७७५ चे, त्याच हवेतले. मार्शलसाहेबांनी ते मत झिडकारलं. कारण काय दिलं? 'राजे आणि सरकारं' हे शब्द पूर्वेकडच्या इंडियनांना लागतात, अमेरिकेतल्या टोळ्यांना नाही!

म्हणजे आपण राजे ठरलो म्हणून त्यांची जमीन गेली. आणि आपलीही वाचली नाहीच, ती वेगळ्या वाटेने गेली.

(अवांतर: दादरा-नगर हवेलीसाठी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तेव्हा त्यांचा मुख्य कागद होता १७७९ चा पुण्याचा तह. १९६० च्या निकालात कोर्टाने म्हटलं की मराठ्यांनी दिलं होतं ते सार्वभौमत्व नव्हे, फक्त महसूल घ्यायचा हक्क, म्हणजे सरंजाम. सरंजाम आणि मालकी यांतला फरक शनिवारवाड्यातल्या कारकुनाला पक्का ठाऊक होता, लिस्बनला नव्हता.)

स्पष्टवक्ता

सर्वांना नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, पण विषय रोचक वाटला म्हणून विचारतो. राग मानू नये.

१. पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदावर आज ठराव करून काय साधतं? जमीन तर कुणी परत देत नाही.
२. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि वसईत जे केलं त्याबद्दल असा ठराव आला का?
३. आणि सगळंच मागे फिरवायचं तर चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतल्यावर मराठे तिथल्या चर्चच्या घंटा घेऊन आले, त्यातली एक भीमाशंकरला आहे. तीही परत द्यायची का? :)

वसईकर_पुण्यात

तिसऱ्या मुद्द्यावर वसईचा माणूस म्हणून बोलायचा मान माझा. घंटा राहू द्या तिथेच. माझे आजोबा भीमाशंकरला ट्रेकला गेलेल्या पोरांना सांगायचे, "आपल्या घंटेला हात लावून या." आता ती दोघांची आहे.

दुसऱ्याबद्दल गंभीरपणे. आम्हा कॅथलिकांना या बुलांचा चटका अमेरिकेहून कमी लागलेला नाही. त्याच कागदांच्या जोरावर पोर्तुगालचा राजा स्वतःला हिंदुस्थानच्या 'विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी' म्हणवून घेत असे. समुद्रात जायचं तर त्यांचा परवाना घ्यायचा, त्याला कार्ताझ म्हणत. मोगलांची जहाजंसुद्धा तो घेत. आणि बिशप कोण हे राजा ठरवणार, त्या हक्काला पाद्रोआदो म्हणत. त्यापायी मुंबई इलाख्यात दोन-दोन बिशपांचे (एक पोर्तुगालच्या राजाचा, एक थेट रोमचा) अधिकार एकमेकांत घुसले. एकाच गावातली कॅथलिक घरं दोन तटांत विभागली गेली.

आता गंमत बघा. नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२ सालचं. पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती लोकांसाठी खुद्द पेशव्यांनी जागा दिली. म्हणजे जमीन शनिवारवाड्याची आणि पाद्री पाद्रोआदोचा. भाऊसाहेब, सांगा याचा फेरफार कसा धराल?

व्हॅटिकनच्या निवेदनाबद्दल एक खंतही सांगतो. त्यांनी म्हटलं की तिसऱ्या पॉल यांच्या १५३७ च्या फर्मानात मूळ रहिवाशांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता अबाधित आहे असं आधीच सांगितलं होतं. ते खरं आहे. पण जुने बुल 'रद्द' हा शब्द लिहायचं टाळलं, आणि वसाहतवादी सत्तांनी ते कागद राजकारणासाठी वापरले यावर भर दिला. २०२२ च्या जुलैत पोप फ्रान्सिस कॅनडात गेले तेव्हा मिस्सा सुरू असताना मूळ रहिवासी बायकांनी 'सिद्धांत रद्द करा' असा फलक धरला होता. त्यांना हवं होतं ते क्रियापद अजून आलेलं नाही.

तलाठी_भाऊसाहेब

@वसईकर, जमीन मालक एक आणि पुजारी दुसऱ्याने नेमलेला, ही तर देवस्थान इनाम वर्ग ३. फेरफार धरणारा तलाठी पेन्शनपर्यंत चकरा मारतो.

नगरची_लेक

मी वाचनमात्र असते. पण हा धागा वाचून राहवलं नाही.

स्पष्टवक्ता दादा, आधी एक सांगते. पुण्या-नगरचे बहुतेक मराठी ख्रिस्ती म्हणजे कुणी जेते नव्हेत. माझे खापर पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्या नावावर सातबारा सोडा, गावच्या विहिरीचं पाणी नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत अक्षर ओळख झाली आणि पुढच्या पिढीत मास्तर झाले. म्हणून घरात मिशनरी म्हटलं की हात जोडले जायचे. वसाहतवाद आणि मिशन हे एकाच वाक्यात आलं की आजीला राग यायचा.

तरीही मला हा विषय आपला वाटतो, आणि त्याला कारण आहे. नगरला १८३१ साली मिशन सुरू करणारी संस्था म्हणजे बोस्टनचं अमेरिकन बोर्ड. त्याच बोर्डाचे मिशनरी त्याच वेळी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात चेरोकी या मूळ रहिवाशांमध्ये होते. तिथे सॅम्युअल वूस्टर यांनी चेरोकी भाषेतलं वर्तमानपत्र उभं करायला हातभार लावला, १८२८ साली. इकडे नगरहून त्याच बोर्डाच्या मिशनऱ्यांनी १८४२ ला 'ज्ञानोदय' काढला. मला ही दोन पत्रं शेजारी ठेवून बघायची फार इच्छा आहे.

तर १८३१ साली, इकडे नगरला बिऱ्हाड मांडलं जात होतं तेव्हा, वूस्टर आणि डॉ. एलायझर बटलर तुरुंगात गेले. जॉर्जिया राज्याचा नवा कायदा होता की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याचा परवाना घ्यावा आणि निष्ठेची शपथ घ्यावी. यांचं म्हणणं, ही जमीन तुमची नाही, परवाना कसला देता? चार वर्षं सक्तमजुरी. माफी घ्या म्हटलं तर बाकीच्यांनी घेतली, या दोघांनी नाकारली. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १८३२ साली त्याच मार्शलसाहेबांनी निकाल दिला की चेरोकी हे स्वतंत्र राष्ट्र आहे, जॉर्जियाचा कायदा तिथे चालत नाही. नऊ वर्षांत तोच न्यायाधीश जवळजवळ उलट बोलला.

भाऊसाहेब म्हणतात तसा निकाल झाला, पण फेरफार झाला नाही. जॉर्जियाने मानला नाही, राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी मानायला लावला नाही. मग ज्या बोर्डाने त्यांना पाठवलं होतं, त्या बोर्डानेच पत्राने सल्ला दिला की आता ताणू नका. १८३३ च्या जानेवारीत दोघं सुटले. १८३८ ला चेरोकींना हाकललं. वाटेत सुमारे ४००० माणसं मेली असं मानतात.

बोस्टनच्या ज्या कार्यालयातून ते पत्र गेलं, तिथूनच नगरच्या शाळांचा पगार यायचा. माझ्या खापर पणजोबांच्या पाटीपेन्सिलीचासुद्धा. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. पण रविवारी ठरावाला 'आमेन' म्हणताना हे आठवावं असं वाटतं.

कॅम्पातली_मेरी

ताई, हा वेगळा लेख करा प्लीज. दोनदा वाचला.

पॉपकॉर्न_पुणेकर

आलो होतो भांडण बघायला, निघालो शिकून. काय दिवस आलेत.

ॲडव्होकेट_अनु

सगळे अमेरिकेत रमलात. मी शिवाजीनगर कोर्टात अठ्ठावीस वर्षं आहे, म्हणून जरा घरचं बोलते. वसाहतीचा कायदा ख्रिस्ती माणसांनीच पुसून काढला याचं अस्सल उदाहरण इथलंच आहे.

१८६९ चा घटस्फोट कायदा. फक्त ख्रिस्ती लोकांसाठी. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याची नक्कल. कलम १० प्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं सोडून जाणं. नुसती मारहाण हे कारण नाही. कलम ३४ खाली नवरा बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागू शकायचा, जशी शेतात गुरं घातल्याची मागतात. इंग्लंडने १९२३ साली व्यभिचाराच्या बाबतीत नवरा-बायको समान केले आणि १९३७ ला कारणं वाढवली. आपण १८५७ च्या इंग्लंडमध्येच राहिलो, २००१ पर्यंत!

माझी सख्खी मावशी. नवरा दारू पिऊन मारायचा. वकिलाने सांगितलं, "बाई, मार पुरेसा नाही. दुसरी बाई दाखवा." ती कुठून दाखवणार? तो घरीच बसून मारायचा. तेरा वर्षं माहेरी राहिली, ना नांदती ना सुटलेली. मी कायद्याला गेले ते तिच्यामुळे.

बदल कसा झाला ते महत्त्वाचं आहे. विधी आयोग १९६० पासून सांगत होता. १९६२ चं विधेयक बारगळलं. पुढे ख्रिस्ती महिला संघटना आणि चर्चेस एकत्र बसून मसुदे करत राहिल्या, सरकारं "समाजातून एकमत आणा" म्हणत राहिली. चर्चमध्येही विरोध होता, तो लपवण्यात अर्थ नाही. घटस्फोट सोपा झाला तर कुटुंब मोडेल म्हणणारे पाळक मी ऐकलेत. १९९५ ला केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ ला आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कलम १० चा तो भेदभाव घटनाबाह्य ठरवला. मग २००१ साली संसदेने कायदा बदलला. कलम ३४ गेलं, पोटगीवरची नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा गेली, इंग्लंडच्या कोर्टाची तत्त्वं पाळा सांगणारं कलम ७ गेलं.

दुसरं, वारसा कायद्याचं कलम ११८. ख्रिस्ती माणसाला पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी असेल तर धर्मादायाला मृत्युपत्राने देणगी देता येईना, जोवर ते मृत्यूच्या १२ महिने आधी केलेलं नाही आणि ६ महिन्यांत जमा केलेलं नाही. मुळात ही भीती इंग्लंडची, की मरताना पाद्री कानात सांगून जमीन चर्चच्या नावावर करून घेतील. एका केरळी फादरांनी याचिका केली आणि २००३ साली सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं.

भाऊसाहेब, याला म्हणतात फेरफार. जुनी नोंद कंस करून बाद, नवी नोंद कायम.

स्पष्टवक्ता

अनुताई, हे माहीत नव्हतं. पहिला प्रश्न मागे घेतो. अर्धा.

वसईकर_पुण्यात

उरलेल्या अर्ध्यासाठी: जमीनही परत गेली आहे, थोडी का होईना. अमेरिकेत ओहायोमधल्या वायंडॉट या मूळ रहिवासी लोकांनी १८४३ साली हाकलले जाताना आपलं चर्च आणि दफनभूमी मेथॉडिस्टांच्या हवाली केली होती. मेथॉडिस्ट चर्चने २०१९ साली ती सुमारे ३ एकर जागा कायदेशीर दस्त करून त्यांच्या नावावर परत केली.

पण उलटही आहे. न्यूयॉर्कमधल्या वनायडा या मूळ रहिवासी लोकांनी आपल्याच जुन्या राखीव मुलखातले तुकडे १९९७-९८ मध्ये बाजारभावाने विकत घेतले आणि म्हणाले, आता इथे नगरपालिकेचा कर नको. २००५ साली सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ ने नाही म्हटलं. निकाल लिहिला पुरोगामी म्हणून नावाजलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, आणि पहिल्याच तळटीपेत शोधाचा सिद्धांत उभा! पाळकांचे ठराव सुरू झाले त्यामागे या तळटीपेचाही धक्का आहे.

तलाठी_भाऊसाहेब

३ एकर म्हणजे १२० गुंठे. नोंद घेतली. वाचून बरं वाटलं.

रानवाटा

सगळ्यांनी कोर्टातलं सांगितलं, मी जंगलातलं सांगतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात काही वर्षं काम केलंय.

१८७८ चा वन कायदा आणि मग १९२७ चा. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाची नोंद 'अतिक्रमण'. हा आपला शोधाचा सिद्धांतच की! फक्त पोपच्या ऐवजी वनखातं. ख्रिस्ती बाजूचं उदाहरण हवं असेल तर छोटा नागपूर (आजचा झारखंड) बघा. फादर कॉन्स्टंट लिव्हेन्स १८८५ पासून मुंडा-उरांव लोकांच्या जमिनीचे खटले लढवायला मदत करत होते, आणि १९०८ च्या छोटा नागपूर कूळ कायद्याच्या घडणीत फादर हॉफमन यांचा हात होता. आदिवासींची जमीन बाहेरच्याला जाऊ नये म्हणून तो कायदा अजून लागू आहे. आमच्या काळात त्याच भागात फादर स्टॅन स्वामी जमिनीच्या हक्कांवर काम करायचे. त्यांच्यावरचा खटला आपल्या पुण्यातून सुरू झाला आणि जामिनाची वाट बघत ते २०२१ च्या जुलैत गेले.

संपादक

चालू खटल्याच्या बाजूने-विरुद्ध चर्चा इथे नको. जमीन आणि कायदा यावरच राहू या.

रानवाटा

मान्य. मुद्द्यावर येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. सरकारने स्वतःच्या कायद्यात चूक लिहून देणं रोज घडत नाही. पण दावा मंजूर व्हायला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचा पुरावा लागतो, आणि तिथेच गाडं अडतं. महादेव कोळी म्हातारीकडे पुरावा म्हणजे बांधावरचं हिरड्याचं झाड आणि सासऱ्याचं थडगं. त्याला अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं हे सांगणारा माणूस नाही. ग्रामसभेकडून दावा उपविभागीय समितीकडे जातो आणि 'कागदपत्रं अपुरी' शेरा घेऊन परत येतो.

भाऊसाहेब, तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवा होता, दहा वर्षांपूर्वी.

तलाठी_भाऊसाहेब

@रानवाटा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. आज प्रामाणिकपणे लिहितो. नोकरीत असताना 'कागदपत्रं अपुरी' हा शेरा मी स्वतः किती वेळा मारला असेल याचा हिशोब नाही. नियमात बसूनच मारला. मार्शलसाहेबांनीही नियमात बसूनच लिहिलं असणार.

काल संध्याकाळी पाळकमंडळाची बैठक होती. आपल्या चर्चनेही सिद्धांत नाकारल्याचा ठराव करावा असा विषय आला. मी म्हटलं, करा, सही करतो, पण त्याखाली दुसरा ठराव घ्या. मंडळींतल्या निवृत्त माणसांनी महिन्यातून दोन शनिवार आंबेगावात जाऊन दाव्यांचे अर्ज भरून द्यायचे. धर्म विचारायचा नाही, प्रार्थना करायची नाही, पत्रकं वाटायची नाहीत. यावर पाऊण तास वाद. एक वडीलधारे म्हणाले, प्रार्थना न करता जायचं तर चर्चचं नाव कशाला? दुसरे म्हणाले, उगाच कुणी धर्मांतराचा आळ घेतला तर? शेवटी पहिला ठराव एकमताने झाला. दुसरा पुढच्या बैठकीवर ढकलला.

चर्चचं काय ठरेल ते ठरो, आम्ही चौघं जातोय. मी, निवृत्त सर्कल साहेब, माध्यमिक शाळेच्या एक बाई आणि अनुताई (त्यांनी फोनवर हो म्हटलंय, आता मागे फिरायचं नाही).

ॲडव्होकेट_अनु

फिरत नाही. थडग्याचा फोटो आणि गावातल्या ज्येष्ठांचा लेखी जबाब दोन्ही पुरावा म्हणून नियमांत बसतात, नियम १३ वाचून या. मी प्रती काढून आणते.

स्पष्टवक्ता

माझी गाडी आहे. डिझेल माझं. परतताना भीमाशंकरला जाऊन घंटा बघायला मिळाली पाहिजे एवढीच अट.

वसईकर_पुण्यात

मग मीही येतो. हात लावून यायचंय.

तलाठी_भाऊसाहेब

शनिवारी सकाळी सहा वाजता, शिवाजीनगरहून. घोडेगावला आठपर्यंत पोचू. प्रत्येकाने दोन निळे पेन, स्टॅम्प पॅड आणि कार्बन पेपर आणा. कार्बन पेपर आता अप्पा बळवंत चौकातही सगळीकडे मिळत नाही, कुणाकडे जुना असेल तर व्यक्तिगत निरोप करा.